न्यासापहार : मोठ्या संस्थांतील विश्वास आणि उत्तरदायित्व

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी अफरातफर, खोटे हिशेब आणि अडकलेल्या ठेवी हा विषय काहींना अप्रस्तुत वाटण्याची शक्यता आहे. अशा वेळी देणगीदारांचे ऋण मानावे, दिवंगत संस्थापकांचे पुण्यस्मरण करावे, कार्यकर्त्यांचे कौतुक करावे, हा आपल्याकडील प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. परंतु पन्नास वर्षे हा कोणत्याही संस्थेच्या आयुष्यातील एक नाजूक टप्पाही असतो. ज्यांनी घरोघर फिरून पहिली वर्गणी गोळा केली, त्यांना संस्थेचा रुपया न् रुपया ठाऊक असतो. कोणी किती दिले, ते कोठे ठेवले आणि कशावर खर्च झाले, हे सांगण्यासाठी त्यांना वही उघडावी लागत नाही. मग ती पिढी काळाच्या पडद्याआड जाते. निधी वाढतो, ठेवी तीन-चार बँकांत विभागल्या जातात, कामे पगारी माणसांकडे येतात, आणि जेथे पूर्वी माहिती होती तेथे आता विश्वास असतो. विश्वास ही काही वाईट गोष्ट नव्हे. त्यावाचून पाच माणसांचे मंडळही चालणार नाही. तथापि विश्वास म्हणजे माहिती नव्हे. हा भेद विसरला की काय होते, ते गेल्या काही वर्षांत देशाने फार मोठी किंमत मोजून पाहिले आहे.

या विषयाकडे पाहण्याची एक दृष्टी आपल्या आचारशास्त्रातच आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. त्यांपैकी सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत दोन असे आहेत, की ते वाचताना आजच्या लेखापरीक्षकाच्या टेबलावरील कागद डोळ्यांसमोर यावेत. एक कूटलेखक्रिया आणि दुसरा न्यासापहार. कूटलेखक्रिया म्हणजे खोटा दस्तऐवज करणे. त्यावर अधिक भाष्याची आवश्यकता नाही. न्यासापहार मात्र बारकाईने पाहण्याजोगा आहे. न्यास म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली ठेव. धर्मादाय संस्थेला आपण न्यास म्हणतो ते याच अर्थाने. आचार्य पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धी’ या टीकेत न्यासापहाराचे जे स्वरूप सांगितले आहे, ते असे. एकाने दुसऱ्याकडे सोने ठेवले. काळ लोटला आणि ठेवणारा मोजदाद विसरला. परत मागायला आला तेव्हा त्याने कमी आकडा सांगितला. ज्याच्याकडे ठेव होती त्याने त्या कमी आकड्याला होकार दिला.

एवढेच. त्याने तिजोरी फोडली नाही, रात्री कोणाच्या घरात शिरला नाही, स्वतः होऊन खोटा आकडाही उच्चारला नाही. केवळ ‘हो, तेवढेच’ म्हणाला. विशेष असे, की या कृत्याची गणना शास्त्रकारांनी अचौर्यव्रताच्या अतिचारांत केली नाही, सत्यव्रताच्या अतिचारांत केली. नुकसान धनाचे झाले, पण दोष त्या होकारात पाहिला गेला. दुसरी गोष्ट अशी, की हा होकार चालून गेला तो समोरच्याकडे स्वतःची मोजदाद उरली नव्हती म्हणून. ज्याच्याकडे ठेव आहे त्यालाच ‘किती आहे?’ असे विचारण्यावाचून त्याला मार्ग नव्हता. आजच्या प्रचंड संस्थांमधील फसवणुकीकडे पाहिले तर रकमेमागे शून्ये वाढली आहेत, संगणक आले आहेत; रचना मात्र तीच आहे. ज्याची तपासणी करायची त्यालाच विचारायचे आणि त्याच्या होकारावर शिक्का मारायचा.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे हैदराबादची सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी. (नावातील विपर्यास इतका उघड आहे की त्याविषयी बोलण्याचाही कंटाळा यावा.) १९८७ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी २००८ पर्यंत देशातील अग्रगण्य सॉफ्टवेअर कंपन्यांत गणली जात होती. पन्नास हजारांहून अधिक कर्मचारी, मुंबईच्या शेअर बाजारात नोंदणी, न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातही नोंदणी. संचालक मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक, नामांकित व्यवस्थापन संस्थेचे अधिष्ठाता, केंद्राचे माजी मंत्रिमंडळ सचिव अशी मंडळी. लेखापरीक्षण प्राइस वॉटरहाऊस या जगप्रसिद्ध नावाच्या संस्थेकडे. सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम कारभाराबद्दलचा ‘गोल्डन पीकॉक’ हा जागतिक पुरस्कारही या कंपनीला मिळाला. तो पुढे काढून घेण्यात आला, हे वेगळे सांगायला नकोच.

१६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमच्या संचालक मंडळाने सुमारे १.६ अब्ज डॉलर मोजून मेटास नावाच्या दोन कंपन्या घेण्याचा निर्णय केला. या कंपन्या बांधकाम आणि जमिनीच्या व्यवसायातील आणि अध्यक्ष रामलिंग राजू यांच्याच कुटुंबाच्या. सत्यमची रोमन अक्षरे उलटी लिहिली की मेटास होते. संचालकांनी एकमताने संमती दिली. भागधारकांनी मात्र इतका गदारोळ केला, न्यूयॉर्कमध्ये शेअर असा कोसळला, की काही तासांतच तो बेत मागे घ्यावा लागला. सॉफ्टवेअर कंपनीला जमिनी कशाला हव्यात, एवढाच लोकांचा प्रश्न होता. खरे उत्तर तीन आठवड्यांनी मिळाले.

७ जानेवारी २००९ रोजी राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहिले आणि त्याच्या प्रती सेबी व शेअर बाजारांना पाठवल्या. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख व बँकेतील शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवली होती. त्यांतील ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते, असे त्या पत्रात म्हटले होते. शंभर रुपये दाखवले असतील तर त्यांतील चौऱ्याण्णव खोटे. नसलेल्या पैशावर ३७६ कोटींचे व्याजही येणे दाखवलेले. १,२३० कोटींचे देणे कोठे नोंदलेच नव्हते आणि येणी ४९० कोटींनी फुगवलेली होती. त्या एका तिमाहीत उत्पन्न २,७०० कोटी दाखवले, प्रत्यक्षात ते २,११२ कोटी होते. कामकाजातील नफा ६४९ कोटी दाखवला, तो खरा होता ६१ कोटी. मेटासचा व्यवहार हा खोट्या मालमत्तेच्या जागी काहीतरी खरी मालमत्ता आणून बसवण्याचा शेवटचा प्रयत्न होता, हेही पत्रात मान्य केले होते. त्या दिवशी सुमारे १७९ रुपयांचा शेअर ४० रुपयांच्या आसपास आला. ज्यांनी निवृत्तीची पुंजी या ‘सुरक्षित’ शेअरमध्ये ठेवली होती अशी कुटुंबे देशभर होती आणि व्यापारी समाजात ती कमी नव्हती.

त्या पत्रातील एक कबुली आकड्यांइतकीच विचार करायला लावणारी आहे. खरा नफा आणि दाखवलेला नफा यांतील अंतर प्रारंभी किरकोळ होते, ते वर्षागणिक वाढत गेले, आणि अखेरीस आपण वाघावर बसलो असून खाली उतरण्याचा मार्ग दिसत नाही अशी अवस्था झाली, असा त्या मजकुराचा आशय होता. कोणीही पहिल्या दिवशी पाच हजार कोटींची फसवणूक करायला बसत नाही. या तिमाहीत जरा कमी पडले, पुढच्या तिमाहीत भरून काढू, असे म्हणत पहिला आकडा वाढवला जातो. पुढच्या तिमाहीत तो आकडा टिकवायचा असतो आणि त्यावर वाढही दाखवायची असते. खोट्या नफ्यातून खरी रोकड निर्माण होत नाही. म्हणून मग रोकडही खोटी दाखवावी लागते. रोकड दाखवायची तर बँकेचे विवरणपत्र लागते, मुदत ठेवींच्या पावत्या लागतात. तपासात पुढे ७,५६१ खोटी बिले आढळली. ती कंपनीच्या बिलांच्या प्रणालीत विशेष अधिकार वापरून अशी चढवली होती, की ज्या विभागांच्या नावे ती होती त्यांतील माणसांनाही ती दिसू नयेत. बँकांची विवरणपत्रे आणि ठेव पावत्या बनावट होत्या. कूटलेखक्रियेचा एवढा मोठा कारखाना भारतात क्वचितच चालला असेल.

इथे साहजिक प्रश्न उभा राहतो. बिले हजारो असतात, ती सगळी तपासता येणार नाहीत, हे कोणीही मान्य करील. पण बँकेतील शिल्लक? ती तर तपासायला सर्वांत सोपी गोष्ट. गावातील लहान दुकानदारसुद्धा पासबुक भरून आणतो. लेखापरीक्षणाचा जुना दंडक असा, की परीक्षकाने बँकेला पत्र पाठवावे आणि बँकेने उत्तर थेट परीक्षकाच्या पत्त्यावर धाडावे. मधे कंपनीचा हात लागू नये. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने एप्रिल २०११ मध्ये प्राइस वॉटरहाऊसच्या भारतीय संस्थांवर कारवाई केली, तेव्हा नेमका हाच दोष दाखवला. बँकांना पत्रे पाठवण्याचे आणि त्यांची उत्तरे गोळा करण्याचे काम परीक्षकांनी कंपनीच्याच व्यवस्थापनावर सोडले होते आणि ही सवय केवळ सत्यमपुरती नव्हती, असेही त्या आदेशात नमूद झाले. त्या प्रकरणी आयोगाने व तेथील लेखापरीक्षण मंडळाने मिळून साडेसात दशलक्ष डॉलरचा दंड केला. इकडे सेबीच्या चौकशीत तर असेही पुढे आले, की काही बँकांकडून परीक्षकांना थेट उत्तरे मिळाली होती आणि त्यांतील शिल्लक कंपनीने दिलेल्या कागदांहून फार कमी होती. दोन कागद समोर होते. ज्याची तपासणी चालली होती त्याने दिलेला कागद खरा मानला गेला.

सोने ठेवणारा निदान मोजदाद विसरला होता. इथे मोजदाद हातात असून ती बाजूला ठेवली गेली.

असे का व्हावे? लेखापरीक्षकांपैकी दोघांना पुढे न्यायालयाने दोषी ठरवले, ती गोष्ट निराळी. पण त्या संचालकांचे काय? त्यांपैकी बहुतेकांच्या सचोटीविषयी कोणी शंका घेतली नाही. विद्वान माणसे होती, वर्षातून काही बैठकांना येत, पुढ्यात ठेवलेली जाड फाइल चाळत आणि परीक्षकाने सही केली आहे ना, असे पाहून निश्चिंत होत. परीक्षक म्हणे, एवढे थोर संचालक मंडळ आहे. गुंतवणूकदार म्हणे, एवढे थोर संचालक आणि एवढे थोर परीक्षक आहेत. पुरस्कार देणारे या तिघांकडे पाहत. प्रत्येकाने दुसऱ्याच्या प्रतिष्ठेवर विसंबून मान डोलावली आणि बँकेच्या दारापर्यंत कोणीच गेले नाही. डिसेंबर २००८ मध्ये टोपणनावाने एका संचालकाला ई-मेल आला होता. कंपनीजवळ दाखवली जाते तशी रोकड नाही, बँकांकडे चौकशी केली तर ते कळेल, अशी त्यातील सूचना होती. ती वर्गणी मागणाऱ्या पत्रकासारखी एकाकडून दुसऱ्याकडे फिरली. अखेरीस पैसे नाहीत ही वार्ता स्वतः अध्यक्षांनीच दिली.

प्रकरणाचा पुढील भाग थोडक्यात असा. केंद्र सरकारने संचालक मंडळ बरखास्त करून दीपक पारेख, किरण कर्णिक आदींचे नवे मंडळ नेमले. एप्रिल २००९ मध्ये पुण्याच्या टेक महिंद्रने कंपनी घेतली आणि हजारो तरुणांच्या नोकऱ्या वाचल्या. ९ एप्रिल २०१५ रोजी हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू यांच्यासह दहा जणांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा दिली. अपिलात पुढच्याच महिन्यात शिक्षेला स्थगिती मिळून ते जामिनावर सुटले. सेबीने जानेवारी २०१८ मध्ये प्राइस वॉटरहाऊसवर दोन वर्षांची बंदी घातली, ती सप्टेंबर २०१९ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने रद्द केली. मधल्या काळात २०१३ चा कंपनी कायदा आला, परीक्षक ठरावीक काळाने बदलणे मोठ्या कंपन्यांना बंधनकारक झाले, फसवणूक आढळल्यास ती कळवण्याचे दायित्व परीक्षकावर आले. २०१८ मध्ये परीक्षकांवर देखरेख करणारे स्वतंत्र प्राधिकरणही स्थापन झाले. हे सर्व आवश्यकच होते.

सत्यम हैदराबादची आणि शेअर बाजारातली. आपल्या ठेवी तर बँकेत, असे ज्यांना वाटत असेल त्यांच्यासाठी मुंबईचे उदाहरण आहे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक १९८४ मध्ये शीव येथे एका शाखेने सुरू झाली आणि २०१९ पर्यंत अनेक राज्यांत १३७ शाखांपर्यंत पोहोचली. ठेवी अकरा हजार कोटींहून अधिक. मार्च २०१९ च्या ताळेबंदात थकीत कर्जांचे ढोबळ प्रमाण अवघे ३.७६ टक्के. असा ताळेबंद पाहून कोणीही ठेव ठेवावी. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले. सहा महिन्यांत प्रत्येक खात्यातून मिळून केवळ एक हजार रुपये काढता येणार होते. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली, पण त्या पहिल्या सकाळी शाखांच्या बंद शटरसमोर उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे मुंबईकरांच्या विस्मरणात जाणार नाहीत. कोणाच्या घरी लग्न होते, कोणाची शस्त्रक्रिया ठरलेली होती. आयुष्यभराची कमाई एकाच बँकेत ठेवलेले वृद्ध होते. एका समाजाने आपली बँक म्हणून जिच्याकडे पाहिले होते, त्याच समाजाच्या धार्मिक संस्थांच्या ठेवीही तिच्यात होत्या.

तत्कालीन व्यवस्थापकीय संचालकांच्या पत्रातून आणि पोलिसांच्या फिर्यादीतून जे समोर आले, ते पाहिले की सत्यमचीच आठवण होते. एकाच बांधकाम समूहाला दिलेली कर्जे साडेसहा हजार कोटींच्या घरात, म्हणजे बँकेच्या एकूण कर्जांच्या सत्तर टक्क्यांहून अधिक होती, आणि ती वर्षानुवर्षे फेडली जात नसताना थकीत दाखवली जात नव्हती. रिझर्व्ह बँकेने कर्जांची तपशीलवार यादी मागवली, तेव्हा त्या समूहाची ४४ खाती झाकण्यासाठी २१,०४९ लहान लहान कर्जदारांची नावे यादीत घातली गेली, असा आरोप आहे. ही खाती बँकेच्या संगणक प्रणालीत नव्हतीच. ती फक्त तपासणीसाठी दिलेल्या यादीत होती. या खटल्यांचा निर्णय न्यायालये करतील. आपल्या विषयाच्या दृष्टीने एवढेच पुरेसे आहे, की तपासणाऱ्याने यादी मागितली आणि ज्याची तपासणी होती त्याने ती तयार करून दिली. यादी आणि मूळ खतावणी शेजारी-शेजारी ठेवून पाहिली असती, तर एका दुपारचे काम होते.

ठेव विम्याची मर्यादा तेव्हा १ लाख रुपये होती. ती फेब्रुवारी २०२० मध्ये ५ लाख करण्यात आली आणि निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदारांना विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद २०२१ मध्ये झाली. २५ जानेवारी २०२२ रोजी ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. या विलीनीकरणाच्या योजनेतील एक कलम प्रत्येक विश्वस्ताने वाचण्याजोगे आहे. व्यक्तिगत ठेवीदारांना विम्यापलीकडील रक्कम हप्त्याहप्त्याने दहा वर्षांपर्यंत मिळायची आहे. संस्थात्मक ठेवीदारांच्या बाबतीत मात्र, विमा नसलेल्या रकमेपैकी ८० टक्के भाग वर्षाला १ टक्का लाभांशाच्या कायमस्वरूपी प्राधान्य शेअर्समध्ये आणि उर्वरित २० टक्के शेअर वॉरंटमध्ये बदलण्यात आला. ठेव ठेवली होती; हाती आले शेअर. ठेवीदार जेव्हा संस्था असते, तेव्हा ती मोठी आणि जाणती आहे, स्वतःची काळजी घेण्यास समर्थ आहे, असे कायदा गृहीत धरतो. वर्षातून चार वेळा भेटणाऱ्या, मानसेवी विश्वस्तांच्या संस्थेला हे गृहीत कितपत लागू पडते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आता आपल्या घराकडे यावे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० हा कायदा या बाबतीत बराच स्पष्ट आहे. कलम ३३ नुसार हिशेबांचे लेखापरीक्षण, कलम ३४ नुसार अनियमित, बेकायदेशीर किंवा अयोग्य खर्च आणि वसूल न केलेली येणी परीक्षकाने अहवालात दाखवायची, कलम ३५ नुसार पैसा कोठे गुंतवायचा ते ठरलेले. कागदावर उणीव नाही. पण आपल्या वार्षिक सभांचे चित्र काय असते? मागील इतिवृत्त वाचून कायम होते. हिशेबपत्रक वाचण्यास प्रारंभ होताच कोणीतरी म्हणते, ‘छापील प्रती सर्वांकडे आहेत, वाचले असे समजावे.’ सूचक, अनुमोदक, टाळ्या, आणि मंडळी अल्पोपाहाराकडे वळतात. एखाद्या तरुणाने उठून मुदत ठेवींविषयी विचारलेच, तर शेजारचे ज्येष्ठ हळूच त्याचा सदरा ओढतात. प्रश्न विचारणे म्हणजे खजिनदारांवर अविश्वास दाखवणे, अशी आपली समजूत झाली आहे. हा संकोच सद्भावनेतून येतो, म्हणूनच तो अधिक घातक आहे. सत्यमच्या संचालकांनाही अध्यक्षांना बँकेची कागदपत्रे दाखवा म्हणणे असभ्यपणाचे वाटले असेल.

बोलीच्या रकमांचेच उदाहरण घ्यावे. पर्वात, प्रतिष्ठेच्या वा पूजेच्या प्रसंगी उत्साहाने बोली लागते, नाव पुकारले जाते, वहीत नोंद होते. पुढे काहींची रक्कम येते, काहींची राहते. देणारा प्रतिष्ठित, मागायचे कसे? दोन वर्षे, चार वर्षे ती रक्कम ‘येणे’ म्हणून ताळेबंदात चालत राहते आणि मालमत्तेची बेरीज फुगलेली दिसते. यात कोणाचाही खोटेपणाचा हेतू नसतो. तरी जे कधी येणार नाही ते येणे म्हणून दाखवणे, आणि ठाऊक असून ते दरवर्षी मंजूर करणे, हाही एक होकारच आहे. शिवाय ज्या वर्षी हातची रोकड कमी पडते त्या वर्षी एका खात्यातील पैसा दुसऱ्या खात्यात ‘तात्पुरता’ वळवला जातो. देवद्रव्य, ज्ञानखाते, साधारण, जीवदया ही खाती आपल्या पूर्वजांनी निराळी ठेवली, त्यांत त्यांचा हिशेबी विवेक होता. तात्पुरते वळवलेले परत आले का, हे पुढच्या वर्षी बहुधा कोणी विचारत नाही. वाघ लहान असतो तेव्हा त्यावर बसणे कठीण नसते.

यावर नेहमी एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. आपल्या संस्था वेतनावर चालत नाहीत, सेवाभावावर चालतात. ज्याने स्वतःचा धंदा सांभाळून पंधरा वर्षे संस्थेचे दफ्तर पाहिले, त्याच्या कामाची अशी झडती घेऊ लागलो तर उद्या खजिनदार व्हायला पुढे कोण येईल? प्रश्न रास्त आहे. परंतु तपासणीचा लाभ सर्वांत अधिक कोणाला होतो, तर प्रामाणिक खजिनदारालाच. ज्या दफ्तराची दरवर्षी कसून तपासणी झाली आहे, त्याविषयी उद्या कोणी कुजबूज केली तर उत्तर तयार असते. जेथे कधीच काही विचारले गेले नाही तेथे निष्कलंक माणूसही अफवेपुढे निरुत्तर होतो, आणि पंधरा वर्षांची सेवा एका वावड्यात वाहून जाते. अशी उदाहरणे गावोगाव आहेत. नावे घेण्याचे कारण नाही. तपासणी जर व्यक्ती पाहून केली, एकाची केली आणि दुसऱ्याची सोडली, तर तो अपमान ठरतो. सर्वांची, दरवर्षी, ठरल्या दिवशी झाली तर तो केवळ रिवाज असतो. देरासरातील भंडार उघडताना चार जण समोर बसतात, तेव्हा कोणाला अपमान वाटत नाही.

मग प्रत्यक्षात काय करावे, असे विचारले तर उत्तर खर्चिक नाही. ठेवींच्या पावत्यांच्या झेरॉक्स प्रती पाहून समाधान मानू नये. मूळ पावत्या वर्षातून एकदा दोन विश्वस्तांनी बँकेच्या नोंदीशी ताडून पाहाव्यात. हे दोघे खजिनदारांहून वेगळे असावेत आणि दरवर्षी बदलावेत. ठेवीवरील व्याज आणि बँकेने दिलेली व्याजाची प्रमाणपत्रे जुळतात का ते पाहावे. ठेव खोटी असेल तर तिच्या व्याजाचे खरे प्रमाणपत्र कोठून येणार? सगळी गंगाजळी एका बँकेत ठेवू नये, ती बँक आपल्या माणसांची असली तरीही, किंबहुना तशी असेल तर विशेषच. येणे बोलींची यादी वर्षांसह सभेपुढे ठेवावी. आणि लेखापरीक्षक समाजातीलच, नात्यातील, मानधन न घेणारे असतील तर त्यांचे ऋण जरूर मानावे, पण काही वर्षांनी ते काम दुसऱ्याकडे द्यावे. फुकट मिळालेल्या सहीला प्रश्न विचारणे फार कठीण असते.

सुवर्णमहोत्सवी निधी आता जमत आहे. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी दोन-दोन रुपये दिले त्यांचे नातू आज लाखांनी देत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. हा निधी कायम ठेवीत जाईल. ३१ मार्चनंतर त्या बँकांना शिल्लक कळवण्याविषयी पत्रे जातील. ती पत्रे संस्थेच्या कार्यालयातून न जाता परीक्षकांच्या हातून जावीत, आणि बँकेचे उत्तर संस्थेकडे न येता बंद पाकिटात थेट परीक्षकांच्या पत्त्यावर यावे, एवढा एक ठराव येत्या सर्वसाधारण सभेत करता येईल. सूचक व्हायला स्वतः खजिनदारांनीच उभे राहावे.

जय जिनेंद्र.